बदामाचे दूध आणि थंड कॉफी : ‘दूध’ या शब्दाच्या मर्यादांचा ऐतिहासिक विचार

इटलीच्या दक्षिण टोकास पुलिया प्रांतात सालेन्तो नावाचा द्वीपकल्पासारखा भूभाग आहे. लेच्चे हे तेथील प्रमुख नगर. या नगरात उन्हाळ्याच्या दिवसांत एक पेय घरोघरी व उपाहारगृहांत घेतले जाते. पेल्यात बर्फाचे खडे, त्यांवर बदामाचे गोड दूध आणि वरून ओतलेली कडक, ताजी कॉफी, एवढाच त्याचा संभार. स्थानिक लोक त्यास ‘काफ्फे लेच्चेजे’ म्हणतात. शेजारच्या सिसिली बेटात बदामाच्या दुधास दालचिनीचा वास देण्याची चाल आहे; आणि कॉफीत वेलची घालण्याची अरबी रीत तर सर्वश्रुतच आहे. अलीकडे शहरी घरांतून गाईम्हशींच्या दुधाऐवजी बदाम, ओट, सोयाबीन वा नारळ यांचे दूध घालून मसालेदार थंड कॉफी केली जाते व ती नवलाईची गोष्ट मानली जाते. परंतु त्या पेल्यातील एकही घटक नवा नाही. नवा आहे तो वाद. आणि तो पेयाविषयी नसून नावाविषयी आहे. ज्याचे दोहन झाले नाही त्यास ‘दूध’ म्हणावे काय, हा तो प्रश्न होय. शब्दांच्या इतिहासाच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम कॉफी या नावाकडे पाहू. अरबी भाषेतील ‘कह्‌वा’ हा शब्द कॉफीच्या आधी मद्यवाचक होता. जुन्या अरबी काव्यात तो मदिरेच्या अर्थी येतो. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी साधक रात्रीच्या उपासनेत जागरण साधावे म्हणून जे पेय घेऊ लागले, त्यास हे जुने नाव मिळाले. 1511 साली मक्केत खैर बेग या अधिकाऱ्याने हे पेय धर्मसंमत आहे की नाही याची चौकशी आरंभिली व त्यावर बंदी घातली; ती फार काळ टिकली नाही. वादाचा विषय पेयाचा गुण आणि त्याभोवती जमणाऱ्या बैठका हा होता. तथापि मद्याचे नाव धारण करणारे पेय मद्यासारखे आहे काय, ही शंका त्या नावातच दडलेली होती. पुढे तोच शब्द तुर्की ‘कह्‌वे’ होऊन युरोपात शिरला व ‘काफ्फे’, ‘कॉफी’ इत्यादी रूपांनी रूढ झाला. कॉफीच्या बीस अरबीत ‘बुन्न’ म्हणत. मराठीतील ‘बुंद’, ‘बुंददाणा’ हे जुने शब्द त्याचेच वारस होत. आज ‘कह्‌वा’ म्हटल्याने कोणाही अरबास मद्याचा भास होत नाही. वस्तू बदलली की शब्द मागे राहत नाही, तो वस्तूबरोबर चालू लागतो, याचे हे पहिले उदाहरण.

मसाल्याचा संबंधही तितकाच जुना आहे. येमेनमध्ये कॉफीच्या फळाच्या वाळलेल्या सालींचा काढा सुंठ घालून पितात; त्यास ‘किश्र’ म्हणजे साल असेच नाव आहे. अरबस्तानातील पाहुणचाराच्या कॉफीत वेलची घालतात, आणि ही वेलची मूळची आपल्या पश्चिम घाटातील. सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी साधूने मोख्याहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी दंतकथा आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, घाटातील वेलची अरबस्तानात गेली व अरबस्तानातील बुंद घाटात आला, ही देवघेव मात्र निर्विवाद आहे.

थंडपणाचा इतिहास निराळा आहे. 1840 साली अल्जीरियातील मझाग्रान या ठाण्यात एका लहान फ्रेंच तुकडीने वेढ्यास तोंड दिले. तेथील शिपाई थंड पाणी घालून कॉफी पीत, आणि पुढे पॅरिसमध्ये त्या पेयास ‘मझाग्रान’ हेच नाव पडले, अशी परंपरा सांगते. दक्षिण इटलीत यंत्रे येण्यापूर्वी हिवाळ्यातील बर्फ खड्ड्यांत दाबून उन्हाळ्यापर्यंत राखीत. भारतात 1833 साली अमेरिकेतून जहाजाने बर्फ कलकत्त्यास आले, व लवकरच मुंबईसही येऊ लागले. सर्वसामान्य घरात मात्र बर्फ पोहोचले ते फार उशिरा, शीतकपाटाबरोबर.

आता मुख्य घटक, बदामाचे दूध. मध्ययुगीन युरोपात ख्रिस्ती उपवासाच्या दिवसांत मांसाबरोबर दूध व लोणीही वर्ज्य असे, आणि असे दिवस वर्षात बरेच येत. त्या दिवसांत श्रीमंतांच्या मुदपाकखान्यात बदाम वाटून, पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून काढलेला पांढरा रस दुधाच्या जागी वापरला जाई. चौदाव्या शतकातील फ्रेंच ‘ल व्हियांदिए’ आणि सुमारे 1390 सालचा इंग्रजी ‘द फॉर्म ऑफ क्युरी’ या पाकग्रंथांत त्याचा वारंवार उपयोग सांगितलेला आहे, आणि दोन्ही भाषांत त्याचे नाव ‘बदामाचे दूध’ असेच आहे. म्हणजे हे नाव निदान सहाशे वर्षांचे आहे, आणि ते व्यापाऱ्यांनी नव्हे तर स्वयंपाक्यांनी दिलेले आहे. ज्यांनी ते वापरले त्यांची फसवणूक होणे शक्यच नव्हते. कारण ते दूध नाही म्हणूनच तर ते वापरले जात होते.

या पेयांच्या नावांतील स्थित्यंतरे मनोरंजक आहेत. लॅटिनमध्ये सातूस ‘होर्देउम’ म्हणत. त्यापासून केलेल्या पेयाच्या नावातून स्पॅनिश ‘ओर्चाता’ हा शब्द निघाला, आणि फ्रेंच ‘ओर्जा’ हा शब्दही सातूच्याच नावाशी बांधलेला आहे. कालांतराने ‘ओर्जा’ हे बदामाच्या सरबताचे नाव झाले व ‘ओर्चाता’ हे व्हॅलेन्सियात चुफा नावाच्या, आपल्या नागरमोथ्याच्या जातभाई असलेल्या कंदाच्या पेयाचे नाव झाले. सातू दोन्हींतून नाहीसा झाला, नाव राहिले. लॅटिन ‘लाक’ म्हणजे दूध. त्यावरूनच चीक गाळणाऱ्या एका पालेभाजीस रोमन लोक ‘लाक्तुका’ म्हणत. तिचे इंग्रजी नाव ‘लेट्यूस’ त्यातूनच आले.

भारतीय भाषांचा पुरावा याहूनही स्पष्ट आहे. संस्कृतात ‘क्षीर’ हा शब्द गाईच्या दुधास जसा लागतो, तसाच रुई व निवडुंग यांच्या चिकासही लागतो. वड, पिंपळ, उंबर इत्यादी वृक्षांस ‘क्षीरवृक्ष’ अशी संज्ञा आयुर्वेदात आहे. याउलट ‘दुग्ध’ हे ‘दुह्’ धातूचे भूतकालवाचक धातुसाधित होय. त्याचा मूळ अर्थ ‘दोहलेले’ असा क्रियादर्शक आहे. मात्र दोहनाची ही क्रियाही गाईपुरती मर्यादित राहिली नाही. ‘कुमारसंभवा’च्या आरंभी कालिदासाने हिमालयास वासरू व मेरूस दोहणारा कल्पून पृथ्वीपासून रत्ने व औषधी दोहविल्या आहेत. तमिळमध्ये ‘पाल’ हाच शब्द गाईच्या व नारळाच्या दुधास समान आहे. मलयाळम पाककृतींत नारळाच्या रसाचे ‘ओन्नाम् पाल’ व ‘रण्डाम् पाल’, म्हणजे पहिले व दुसरे दूध, असे भेद करतात. कोकणी मात्र येथे ‘रोस’ म्हणते, चिनी भाषेत सोयाबीनच्या रसास ‘दौज्यांग’ म्हणतात, आणि मलायी भाषेत नारळाच्या दुधास ‘सांतान’ हा स्वतंत्र शब्द आहे. सर्वच भाषांनी दुधाची उपमा स्वीकारली असे नाही. तथापि जेथे ती स्वीकारली गेली तेथे ती लोकांनीच रुळविली, हे ध्यानात घ्यावे.

मराठीतील ‘चीक’ हा शब्द तर या संदर्भात विशेष विचारणीय आहे. व्यालेल्या गाईम्हशीचे पहिले दाट दूध म्हणजे चीक. त्याचा खरवस करतात. वडाच्या फांदीतून गळतो तोही चीकच. आणि भिजवून वाटलेल्या गव्हातून कुरडयांसाठी काढतात तोही चीकच. पशू, वृक्ष व धान्य या तिघांस एकच शब्द लागतो, परंतु खरवसाऐवजी कुरडया पानात पडल्याची तक्रार महाराष्ट्रात कोणी केल्याचे ऐकिवात नाही. ज्वारीच्या कणसात दूध भरते, आणि सोलकढीस नारळाचे दूध लागते. या प्रयोगांत कोणास अलंकारही जाणवत नाही, इतके ते अंगवळणी पडले आहेत.

शब्दाच्या मर्यादेचा प्रश्न केवळ कोशाचा नसतो, तो कधी आचरणाचाही होतो, याचे ठळक उदाहरण महात्मा गांधींच्या चरित्रात आहे. गाईम्हशींवर केल्या जाणाऱ्या फुंक्याच्या क्रूर प्रकाराने व्यथित होऊन, आणि संयमाच्या विचारानेही, त्यांनी 1912 साली दक्षिण आफ्रिकेत दूध वर्ज्य केले. 1918 साली ते आमांशाने अत्यंत क्षीण झाले. पुढे मुंबईत डॉक्टर दलालांनी दूध घेण्याचा आग्रह धरला, तेव्हा व्रत गाईम्हशींच्या दुधाचे आहे, शेळीच्या दुधास हरकत काय, असे कस्तुरबांनी सुचविले. गांधीजींनी शेळीचे दूध घेतले. परंतु व्रताचे अक्षर राखले तरी त्याचा आत्मा दुखावला, हे शल्य त्यांनी आत्मकथेत स्वच्छ नमूद केले आहे. दुधाची जागा घेईल असा वनस्पतिजन्य पदार्थ मिळावा ही त्यांची इच्छा कायम राहिली, आणि 1935 साली वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनच्या आहाराचे प्रयोगही झाले. ‘दूध’ या शब्दाची व्याप्ती संकुचित करून सुटका होते, पण समाधान होत नाही, हा या प्रसंगाचा बोध होय.

विसाव्या शतकात ही पेये कारखान्यांत तयार होऊ लागली. हाँगकाँगमध्ये 1940 साली सोयाबीनच्या दुधाचा मोठा उद्योग उभा राहिला. स्वीडनमधील लुंड विद्यापीठात रिकार्ड ओस्टे यांच्या संशोधनातून 1990 नंतरच्या दशकात ओटचे दूध बाजारात आले. आणि मग नाव न्यायालयात गेले. 14 जून 2017 रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निर्णय दिला, की केवळ वनस्पतिजन्य पदार्थांच्या विक्रीत ‘दूध’, ‘लोणी’, ‘चीज’ ही नावे वापरता येणार नाहीत. अपवाद फक्त 2010 सालच्या यादीतील पारंपरिक नावांचा. ही यादी भाषावार आहे. तीत इटालियन ‘लात्ते दि मांदोर्ला’, स्पॅनिश ‘लेचे दे अल्मेंद्रास’ व फ्रेंच ‘ले दामांद’ आहेत, म्हणजे तिन्ही भाषांत बदामाचे दूध आहे. इंग्रजीत मात्र नारळाचे दूध आहे आणि बदामाचे नाही. लेच्चेतील पेल्यात जे कायद्याने दूध आहे, तेच इंग्रजी चिठ्ठी चिकटताच दूध राहत नाही. सहाशे वर्षांचा इंग्रजी प्रयोग यादीकारांच्या हिशेबी धरला गेला नाही, असे म्हणणे भाग आहे. भारतातही 2021 साली अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने वनस्पतिजन्य पेयांवरील दुग्धवाचक नावांस हरकत घेतली, आणि नारळाचे दूध अपवादात ठेवले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मात्र 2023 सालच्या मसुद्यात ‘दूध’ हे नाव चालेल, पोषणातील फरक स्पष्ट नोंदवावा, अशी भूमिका घेतली.

कायद्याची बाजू उपेक्षणीय नाही. बदामाच्या किंवा ओटच्या दुधातील प्रथिने गाईच्या दुधाहून पुष्कळच कमी असतात, आणि नावावर विसंबून अर्भकास ते पाजणे अपायकारक ठरेल. भेसळीने गांजलेल्या दूध-उत्पादकाची तक्रारही खरी आहे. परंतु भाषेने ही अडचण फार पूर्वीच सोडविलेली आहे, आणि ती षष्ठी विभक्तीने. नुसते ‘दूध’ म्हटले की मराठी माणूस गाईचे वा म्हशीचे समजतो. अन्य काही अभिप्रेत असल्यास ‘नारळाचे’, ‘बदामाचे’ असे सांगावे लागते. यावर असा आक्षेप येईल, की ‘शेळीचे दूध’ यातही तीच षष्ठी आहे, मग विभक्तीने जातिभेद कसा कळावा? उत्तर असे, की विभक्ती उगम सांगते, आणि उगम कळला की जात आपोआप कळते. बदाम हा पशू नव्हे, हे सांगण्यास न्यायालयाची आवश्यकता नाही. युरोपीय नियमही गाईखेरीज अन्य पशूचे दूध असल्यास त्याचे नाव लिहिण्यास सांगतो. म्हणजे तेथेही विशेषणावरच भिस्त आहे. तेव्हा निर्बंध हवा तो विशेषण गाळून नुसते ‘दूध’ लिहिण्यावर, विशेषणासह केलेल्या जुन्या प्रयोगावर नव्हे.

या इतिहासाचा पडताळा कोणत्याही घरी घेता येतो. 100 ग्रॅम बदाम आठ-दहा तास भिजवून, सोलून, पाट्यावर बारीक वाटावेत. 400 मिलिलिटर पाण्यात कालवून स्वच्छ फडक्यातून पिळावेत. कॉफीचा अर्क नेहमीपेक्षा दाट काढावा, कारण बर्फ वितळून तो पातळ होणारच. दोन ठेचलेल्या वेलच्या, दालचिनीचा लहान तुकडा व साखर ही अर्क गरम असतानाच घालावीत. मसाल्याचा सुगंध उष्णतेने उतरतो आणि साखर थंडीत विरघळत नाही. अर्क निवाल्यावर गाळून घ्यावा व बर्फ आणि बदामाचे दूध असलेल्या पेल्यात ओतावा. कॉफी आम्लधर्मी असते. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की वनस्पतींतील प्रथिने गोळा होऊन पेय फाटते. सोयाबीनच्या दुधात हे विशेष दिसते. थंड पेयात ते पुष्कळसे टळते.

असा पेला समोर आला म्हणजे त्यात पूर्वी मद्यास लावलेले नाव धारण करणारा अर्क, घाटातून अरबस्तानात गेलेली वेलची आणि उपवासाच्या निमित्ताने ‘दूध’ ठरलेला बदामाचा रस एकत्र आलेले दिसतात. पिणारा त्यांपैकी कशानेही फसत नाही. कारण ज्या भाषेत तो ते मागतो, तिने वाटलेल्या बदामास ‘दूध’ म्हणताना ते बदामाचे आहे, हेही त्याच दमात सांगून ठेवलेले असते.