हेच हेचीचे खोरे

१. हेच हेची : कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातले टुओलम्नी नदीचे खोरे. लेखकाने त्याचा उल्लेख ओझरता केला आहे, पण अमेरिकेतील निसर्गरक्षणाचा मोठा वाद इथेच पेटला. १८९१च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना सरकारी वनजमीन राखून ठेवता येऊ लागली. ती कशासाठी, हे १८९७च्या कायद्याने सांगितले : पाण्याचे प्रवाह टिकावेत आणि लाकूड मिळत राहावे. वनखात्याचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंशो याच मताचे होते. निसर्ग वापरावा, पण जपून. काही जागांना हातच लागू नये, हा निसर्गलेखक जॉन म्यूर यांचा आग्रह. सॅन फ्रान्सिस्को शहराला या खोऱ्यात धरण बांधून पाणी हवे होते, आणि १९०६च्या भूकंप-आगीनंतर त्या मागणीला जोर चढला. पिंशोंनी धरणाची बाजू घेतली. १९ डिसेंबर १९१३ रोजी अध्यक्ष विल्सन यांनी धरणाला परवानगी देणाऱ्या रेकर कायद्यावर सही केली. म्यूर पुढच्याच वर्षी वारले. ज्यांच्या पिढ्या या खोऱ्यात वावरल्या त्या मिवोक आणि पायूट लोकांना दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांत जवळजवळ स्थान नव्हते, आणि हा दोष म्यूर यांच्याही पदरी येतो. उद्याने पुढील पिढ्यांसाठी अबाधित राखण्याचा कायदा १९१६ साली झाला. धरण १९२३मध्ये पूर्ण झाले. शहर आजही तेच पाणी पिते. – संपा.