अंगणातल्या रात्री

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशीच गणपती गेले होते. चारच्या सुमारास माहूरच्या आमच्या घरात फळीवरची भांडी थरथरली. आईनं आम्हाला ओढतच अंगणात आणलं. आमच्याकडं भिंतही पडली नाही. पण दिवस वर आला तशी रेडिओवर नावं येऊ लागली : किल्लारी, सास्तूर. हजारो माणसं झोपेतच गेली होती. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. ऊन-पावसात राखणारं घरच अंगावर आलं होतं.

आमचं घरही दगड-मातीचंच. त्या रात्रीपासून सारी आळी अंगणात झोपू लागली. शेजारच्या काकू रेणुकामातेचं नाव घ्यायच्या, आजी येशूचं. भीती मात्र सगळ्यांची एकच.

निजताना आजी ४६ वं स्तोत्र म्हणायची. पृथ्वी हलली, डोंगर समुद्रात कोसळले तरी भ्यायचं नाही, असा त्याचा भावार्थ. मी तेव्हा अकरा वर्षांचा. एका रात्री चिडून विचारलं, "मग किल्लारीची लेकरं देवाची नव्हती का?"

आजी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्याचं उत्तर माझ्यापाशी न्हाई, लेकरा. पर रमाबाईचं ऐक."

पंडिता रमाबाईंचे आईवडील पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरणारे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात दोघंही गेले. रमाबाई त्या भुकेतून कशाबशा वाचल्या. पुढं १८८३ साली त्या ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा भूक म्हणजे काय ते ठाऊक असूनही त्या तिकडं गेल्या. शेकडो मुली-बायकांना घेऊन परतल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या मुलींना घर मिळालं.

"भिंत पडनार न्हाई आसं देव म्हनला न्हाई," आजी बोलली. "मी संगं हाय, एवढंच म्हनला. त्येवढ्यावर बाई गेली."

चार दिवसांनी भूकंपग्रस्तांसाठी कपडे-धान्य गोळा करायला गावातली पोरं दारात आली. आजीनं स्वतःची जाड गोधडी काढून दिली. थंडी तोंडावर आली होती आणि तिच्याकडं तशी दुसरी नव्हती.

त्या रात्री ती एकटीच आत जाऊन झोपली. मी अंगणातच राहिलो. भीती काही गेली नव्हती. तिसऱ्या रात्री उशी उचलली, उंबरा ओलांडला आणि तिच्या शेजारी जाऊन पडलो.