नॉझलसमोर धरलेला हात

बंगळूर आणि मराठी माणूस असा विषय निघाला की गाडी शहाजीराजांवर येऊन थांबते, आणि ते बरोबरच आहे. आज मात्र मी तुम्हाला याच शहरातल्या आडुगोडी भागात नेणार आहे. तिथे बघण्यासारखं काय, तर एका कारखान्याची लांबच लांब भिंत. मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे मायको. १९५१ सालची कंपनी. नाशिककरांना हे नाव सांगायला नको, कारण तिथे नॉझल आणि इंजेक्टर बनवणारा याच कंपनीचा कारखाना आला आणि शहराला 'मायको सर्कल' मिळालं. २००८ साली कंपनीचं नाव बॉश लिमिटेड झालं, पण नाशिकच्या रिक्षावाल्याला अजून मायको सर्कलच कळतं, आणि बंगळुरातला मायको लेआउटही मायकोच राहिला आहे.

या कारखान्यात स्पार्क प्लग बनले, डिझेलचे पंप बनले, नॉझल बनले. आजचा विषय त्या नॉझलचा, आणि त्यातून निघणाऱ्या फवाऱ्यासमोर कोणी हात धरला तर काय होतं, याचा आहे. फवारणी म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा यवतमाळ आठवतं. २०१७ साली कपाशीवर औषध मारताना विषबाधा होऊन तिथे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते विष श्वासातून आणि कातडीवरून अंगात गेलं. मी सांगतोय तो प्रकार वेगळा आहे. इथे द्रव सरळ कातडी भेदून आत शिरतो.

थोडं मागे जाऊ. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ साली जर्मनीत ऑग्सबुर्गला नीट चाललं. त्यात तेल आत ढकलायला दाबलेली हवा लागायची आणि त्या हवेसाठी भलामोठा कॉम्प्रेसर. कारखान्यात किंवा जहाजावर हे चालून गेलं, ट्रकवर कसं बसवणार? मग कल्पना अशी निघाली की हवा सोडून द्यायची आणि तेलावरच एवढा दाब द्यायचा की बारीक भोकातून त्याचं धुकं होऊन बाहेर पडेल. म्हणायला सोपं आहे. पण त्यासाठी पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यात फट ठेवायची ती मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी. आपला केस त्याच्या कितीतरी पट जाड. रॉबर्ट बॉशच्या कंपनीने १९२२ साली हे काम हाती घेतलं आणि १९२७ साली असे पंप कारखान्यातून नियमित बाहेर पडू लागले. ट्रक, ट्रॅक्टर, शेतातलं इंजिन, सगळ्यांचा रस्ता तिथून मोकळा झाला.

आता आकडे बघा. गाडीच्या टायरमध्ये हवा असते सव्वादोन बारच्या आसपास. जुन्या पद्धतीचं डिझेल नॉझल उघडतं ते पावणेदोनशे-दोनशे बारला. त्या दाबाने भोकातून सुटलेल्या तेलाचा वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या आसपास जातो. फौजेतल्या जुन्या पॉइंट थ्री-एट रिव्हॉल्व्हरची गोळी साधारण याच वेगाने सुटायची. आणि कातडी फुटायला फार दाब लागतच नाही, सात बारच्या आसपासही ती फुटू शकते. म्हणजे नॉझलसमोर बोट धरणारा माणूस काय करतोय, याचा अंदाज आला असेल.

आणि आपल्याकडे माणसं धरायची. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत नदीकाठी, विहिरीवर, गुऱ्हाळात डिझेल इंजिन धडधडायला लागलं. इंजिन धूर ओकायला लागलं की गावचा मिस्त्री काय करायचा? नॉझल काढायचा, बाहेरच्या बाहेर पाइपला उलटं जोडायचा आणि पोराला सांगायचा, मार हँडल. फवारा धुक्यासारखा आला तर नॉझल ठीक. पिचकारी आली, थेंब गळला, तर खराब. (गळणाऱ्या नॉझलला मिस्त्री लोक जो शब्द वापरतात तो इथे सांगता येणार नाही.) फवारा नीट दिसला नाही की हात पुढे करून बघायचं, तळवा कुठे ओला होतोय. मी हे लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. बहुतेक वेळा काही होत नसे, कारण हात जरा लांब असायचा आणि तोवर धुकं विखुरलेलं असायचं. हीच खरी अडचण. शंभर वेळा काही झालं नाही म्हणून माणूस एकशे एकाव्या वेळी जवळ हात नेतो.

बॉशचे पंप बाजारात आल्यावर बरोबर दहा वर्षांनी, १९३७ साली, रीस नावाच्या डॉक्टरांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक टिपण छापलं. डिझेल इंजिनातल्या दाबाचं तेल शरीरात घुसल्याची ती पहिली लेखी नोंद मानली जाते. १९३९ साली त्याच नियतकालिकात दुसरी नोंद आली, या वेळी ग्रीसची, दाब ७००० पौंड, म्हणजे ४८० बारच्या घरात. यंत्राला दहा-बारा वर्षं होत नाहीत तोच डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं. पण ते डॉक्टरांच्या कपाटात राहिलं.

१९८७ साली मी ईएमईत कॅप्टन होतो. ईएमई म्हणजे फौजेची यंत्रं दुरुस्त करणारी कोअर, १९४३ साली उभी राहिलेली. उत्तरेतल्या एका छावणीत आमची छोटी वर्कशॉप होती. शक्तिमान ट्रक, जनरेटर, असलं काम. नॉझल तपासायला आमच्याकडे हँडलवाला टेस्टर होता. हँडल दाबलं की काट्यावर दाब चढतो आणि नॉझल चांगलं असेल तर कर्र असा आवाज करून उडतं. भिंतीवर पाटी होती, इंग्रजीत, फवाऱ्यापासून हात दूर ठेवा अशी. कोरेगावकडचा एक क्राफ्ट्समन होता, बाविशीचा, हाताने फार चांगला. नाव सांगत नाही. साडेदहाच्या सुमाराला तो उजव्या हाताने हँडल मारत होता आणि नॉझलचं टोक डाव्या हातातल्या फडक्याने पुसत होता. दोन्ही एकदम.

मी तिथेच होतो. त्याने हात झटकला आणि म्हणाला, "काही नाही साहेब, टोचलंय नुसतं." मी बोट बघितलं. तर्जनीच्या पेराजवळ सुईच्या टोकाएवढं भोक. रक्ताचा एक थेंब. दुखतंय का विचारलं तर म्हणाला, थोडं बधिर वाटतंय. मी त्याला एमआय रूममध्ये पाठवलं, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, दोन दिवस हलकं काम दिलं. आणि मी जेवायला गेलो. हे मुद्दाम सांगतोय. माझ्या हाताखालच्या माणसाकडे वेळ होता, आणि तो मी जेवणात आणि संध्याकाळच्या परेडमध्ये घालवला.

रात्री अकराला मला उठवलं. बोट सुजून टणक झालं होतं, पांढरट पडलं होतं, आणि पोरगा दुखण्याने भिंतीवर डोकं आपटत होता. इस्पितळात पोचेपर्यंत उजाडलं. तिथला तरुण सर्जन मेजर मला तीनच गोष्टी विचारत होता. कोणता द्रव? किती दाब? किती वाजता? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी पटकन दिली. तिसऱ्याला "काल सकाळी" म्हणालो तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता आत गेला. बोट मुळापासून काढावं लागलं. चौकशी झाली. पाटी होती, टेस्टर ठीक होता, कोणाचा दोष निघाला नाही. माझाही नाही.

त्या मेजरनी नंतर मला कागदावर चित्र काढून समजावलं. तेल भोकातून शिरलं की तिथेच थांबत नाही. बोटातल्या शिरेला, ज्याने बोट वाकतं त्या दोरीला, एक म्यान असतं. तेल त्या म्यानातून तळव्यापर्यंत, कधी मनगटापर्यंत धावतं. बोट ही बंद जागा. आत सूज आली की रक्त पोचत नाही. वरून डिझेल किंवा थिनर मांस जाळतं ते वेगळंच. पहिले काही तास बाहेरून काही दिसत नाही, फारसं दुखतही नाही. म्हणून जखम किरकोळ समजली जाते. उपाय एकच, ऑपरेशन करून बोट उघडायचं आणि आतलं सगळं धुऊन काढायचं, आणि तेही लवकर. पुढे २००६ साली हातांच्या अशा ४३५ जखमांचा एकत्र आढावा छापून आला. त्यात साधारण तीस टक्के लोकांना बोट किंवा हाताचा भाग गमवावा लागला होता. थिनरसारखं द्रावण घुसलं असेल तर सहा तासांच्या आत ऑपरेशन झालेल्यांची स्थिती बरी होती. पाणी किंवा हवा घुसली असेल तर धोका त्या मानाने कमी.

साडेदहा आणि सहा तास, म्हणजे साडेचार. इस्पितळ दोन तासांवर होतं. हा हिशेब मी बऱ्याच वेळा केला आहे.

आमच्या पाटीवर हात लावू नका एवढंच लिहिलं होतं. लागलाच तर काय, हे नव्हतं. १९३७ पासून ते माहीत होतं, मधे पन्नास वर्षं गेली होती, आणि यंत्राबरोबर ते माझ्यापर्यंत आलं नव्हतं.

आता आजच्या बंगळुरात या. डिझेलची नवी इंजिनं कॉमन रेलची झाली. १९९७ साली ती गाड्यांत आली तेव्हाच दाब १३५० बारवर गेला होता, आता दोन हजाराच्या पुढे जातो. तिथे पाइप गळतोय का हे हाताने चाचपणं म्हणजे विचारायलाच नको. पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा, इंजिन बंद केल्यावर कंपनी सांगते तेवढा वेळ थांबायचं आणि मगच पाना लावायचा. पण गॅरेजवाले निदान घाबरून असतात. मला काळजी वाटते ती रंगाऱ्यांची. हवेशिवाय, नुसत्या दाबाने रंग उडवणारी मशीन अमेरिकेत १९५० च्या दशकात आली. दाब तोच, दोनशे बारच्या आसपास. आपल्याकडे ब्रश आणि रोलरवर वाढलेल्या माणसाच्या हातात हे मशीन आता आलंय, आणि ते दिसायला झाडाला पाणी मारायच्या बंदुकीसारखं आहे.

सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीला मागच्या वर्षी रंग लागत होता. ओडिशाचा एक पोरगा, एकोणीस-वीसचा, मशीन चालवत होता. टिप तुंबली. त्याने मशीनचा खटका बंद केला, टिपेवरचं पिवळं गार्ड फिरवून काढलं आणि अंगठ्याने टिप पुसायला गेला. मी गॅलरीतून ओरडलो. माझ्या आधी खालून सुपरवायझर कन्नडात ओरडला, "कै इडबेडा!", हात लावू नकोस. पोराला कन्नड येत नव्हतं, पण आवाज कळला.

खाली जाऊन मी त्याला विचारलं, मशीन बंद आहे ना, मग भीती कसली? तो हसला, म्हणाला, तेच तर. मी म्हटलं, बंदूक बादलीत धर आणि घोडा दाब. दाबला, तर बंद मशीनमधून रंगाची सणसणीत धार बादलीच्या बुडावर आपटली. मोटर थांबते, पण नळीत दाब तसाच कोंडलेला असतो. म्हणून क्रम असा आहे: घोड्याचं कुलूप लावायचं, मशीन बंद, मग कुलूप काढून बादलीत धार सोडायची, मशीनवरची दाब सोडायची चावी उघडायची, पुन्हा घोड्याचं कुलूप, आणि मगच टिपेला हात. टिप उलटी फिरवून साफ होत असेल तर हात लावायची गरजच नाही. तुंबली असेल तर दाब पूर्ण सुटलाय असं धरून चालायचं नाही, फिरकी हळूहळू ढिली करायची. गार्ड काढून काम करायचंच नाही. हातमोज्यावर विसंबू नये, धार मोज्यातून जाते.

सुपरवायझर शहाणा माणूस. दुसऱ्या दिवशी म्हणाला, सर, लिहून द्या, मशीनवर चिकटवतो. मी हिंदीत लिहिलं, त्याने कन्नडात केलं, ओडियात त्या पोराने स्वतः लिहिलं. व्हिडिओत मी तो कागद दाखवला होता. इथे मराठी मजकूर देतो, कोणाला हवा असेल तर घ्या:

"धार अंगाला लागली, भोक कितीही बारीक असलं, दुखत नसलं, तरी काम थांबवा. दाबून रंग काढायचा प्रयत्न करू नका, आवळून बांधू नका. हात वर धरा. लगेच मोठ्या इस्पितळात जा, जिथे हाताचं ऑपरेशन होतं. पोट रिकामं ठेवा. डॉक्टरांना सांगा, हे नुसतं टोचलेलं नाही, दाबाने आत गेलंय. रंगाचा डबा बरोबर न्या. वेळ लिहा: ____"

शेवटची रिकामी जागा मी ठेवायला लावली. सुपरवायझरने तिथे दोरीला पेन्सिल बांधली आणि कागदाच्या पाठीमागे जवळच्या इस्पितळाचा नंबर लिहिला. दोन फोन त्याने माझ्यासमोरच केले होते, पहिल्या ठिकाणी हाताचा सर्जन रात्री नसतो असं कळलं म्हणून दुसरा.