बुडबुड्यांचं घराणं

खंडाळ्याच्या बंगल्यांवर शनिवार-रविवार काढायला येणाऱ्या मंडळींच्या सामानात हल्ली माच्याची, म्हणजे चहाच्या हिरव्या पुडीची, डबी दिसते. उंच ग्लास, बर्फ, खाली सोडा, वर फेटलेली हिरवी पूड. सगळं कौतुक त्या पुडीचं, कारण ती जपानची, महागाची आणि डबीत असते एवढीशी. सोड्याला कोणी विचारत नाही. खरं तर या ग्लासात इकडचा जुना रहिवासी कोण असेल तर तो सोडा, आणि त्याचं कूळ शोधायला गेलं तर ते दारूच्या भट्टीत निघतं.

1767 साली इंग्लंडमधल्या लीड्समध्ये जोसेफ प्रीस्टली नावाचा पाद्री बिअरच्या भट्टीशेजारी राहायला गेला. आंबणाऱ्या पिंपांवर साचणारी हवा जळती काडी विझवते, हे त्यानं पाहिलं. मग त्या हवेत पाण्याची दोन भांडी धरून तो या भांड्यातलं त्यात आणि त्यातलं यात ओतत बसला. पाण्याला जिभेवर चुणचुणणारी चव आली. पुढे भट्टीचीही गरज उरली नाही, कारण खडूवर गंधकाम्ल टाकलं तरी तोच वायू सुटतो. 1772 मध्ये त्यानं कृती छापून मोकळी केली. कॅप्टन कुकच्या खलाशांना या पाण्यानं स्कर्व्ही होणार नाही, अशी त्याला आशा होती. तसलं काही झालं नाही. धंदा उभा केला तो जिनिव्हाच्या याकोब श्वेपनं, 1783 पासून.

पाण्यात वायू भरणं एकवेळ जमतं, तो आत टिकवणं हेच अवघड. बूच सुकलं की आकसतं आणि सोडा बसतो, म्हणून जुन्या बाटल्या आडव्या ठेवाव्या लागत. हायरम कॉड या इंग्रज इंजिनियरनं यावर काढलेली तोड म्हणजे आपली गोटीची बाटली. पेटंट 1872 चं. जाड हिरवट काच, मानेत खाच, खाचेत रबराची चकती आणि आत खुळखुळणारी काचेची गोटी. बाटली उलटी धरून भरतात. गोटी घरंगळत मानेत येते आणि आतला वायूच तिला रबरावर रेटून धरतो. म्हणजे पळायला जो टपलाय, त्याच्याच हाती दाराची कडी! वरून लाकडी ठोशानं दाबलं की फट्टकन गोटी खाली. मानेजवळ काचेला दोन खळ्या असतात. बाटली त्या बाजूला कलती करून ओतली की गोटी तिथं अडकते आणि तोंडाशी येत नाही. हे माहीत नसलेला माणूस बाटली फिरवत बसतो आणि सोडेवाला त्याच्याकडे बघत राहतो.

आता हा सोडा खंडाळ्याच्या घाटात कसा रुजला ते. पुण्याहून आगगाडी 1858 च्या जूनमध्ये खंडाळ्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली, कारण बोरघाटाचं काम चालू होतं. पुढची चार-पाच वर्षं लोक इथं उतरून पालखीनं नाहीतर तट्टावरून घाट उतरत. 25 बोगदे खोदणाऱ्या हजारो मजुरांमध्ये पटकी शिरली आणि तिनं किती बळी घेतले याला हिशेब नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच वारला. काम त्याची बायको अ‍ॅलिस हिनं चालवलं, पूर्ण करून घेतलं, आणि 21 एप्रिल 1863 रोजी घाट खुला झाला. पटकी पाण्यातून पसरते हे तोवर फार थोड्यांना पटलेलं होतं. पण परक्या गावच्या पाण्याचा धसका साहेबालाही होता आणि आपल्यालाही. अशा काळात बंद बाटलीतल्या पाण्याला भाव येणारच. त्यातून पटकीचे जंतू आंबट पाण्यात फारसा तग धरत नाहीत, हा सोड्याचा एक गुण. अर्थात कारखान्यातलं पाणीच घाण असेल तर गोटी तरी काय करणार?

हा धंदा आपल्याकडे पारशी-इराण्यांनी हातात घेतला. 1888 च्या पारशी क्रिकेट दौऱ्यात विलायतेला गेलेल्या दिनशा पांडोळेंनी पुढच्याच वर्षी मुंबईत कारखाना काढला आणि त्याला तिकडच्या क्रिकेटच्या चेंडूचं नाव दिलं: ड्यूक. (खंडाळ्याजवळच्या नागफणीच्या सुळक्याला चिकटलेला ड्यूक वेगळा. तो वेलिंग्टनचा, त्याच्या नाकामुळे.) पुण्याच्या कॅम्पात अर्देशीर यांचा सोडा त्याआधीच, 1884 पासून, सुरू झाला होता. मुंबईचा ड्यूक आणि पुण्याचा अर्देशीर यांच्या अधेमधे खंडाळा-लोणावळा, आणि तिथं पारशांचे बंगले. रासबेरीच्या लाल बाटल्यांना यापेक्षा चांगली गिऱ्हाइकं कुठं मिळणार होती?

गंमत अशी की त्याच 1884 साली अलेक्झांडर सिम हा स्कॉटिश औषधविक्या जपानच्या कोबे बंदरात लिंबाच्या चवीचा सोडा विकू लागला. तो पुढे कॉडच्याच बाटलीत मिळू लागला. तिकडे त्याला रामुने म्हणतात, आणि पोरं अजून गोटीसाठी जीव टाकतात. म्हणजे माच्याच्या मुलखात आणि आपल्या घाटात एकच बाटली पोचली.

माच्याचं कूळ अर्थात कितीतरी जुनं. चहाची पूड गरम पाण्यात घुसळून पिण्याची रीत मूळची चीनची. एइसाई हा भिक्षू 1191 मध्ये ती घेऊन जपानला परतला. पुढे चीन ती विसरला, जपाननं जपली. तिथल्या उजी गावच्या मळेवाल्यांनी खुडणीआधी काही आठवडे झुडपांवर सावली धरायचं तंत्र बसवलं. त्यानं पानातला हिरवेपणा आणि गोडसर चव वाढते. दगडी जात्यावर तासाला जेमतेम 40 ग्रॅम पूड निघते. किंमत ऐकून डोळे फिरले तर हे आठवावं.

ही पूड पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगते. म्हणून कोरडी पूड सोड्यात टाकू नये. प्रत्येक कण बुडबुड्याला बसायला जागा देतो, आणि ग्लास ओट्यावर उतू जातो. 2 ग्रॅम पूड चहाच्या गाळणीतून गाळा आणि उकळून जरा निवलेल्या 50 मिलिलिटर पाण्यात फेटा. बांबूची फेटणी नसेल तर घट्ट झाकणाची बरणी हलवली तरी चालतं. गोडीसाठी साखरेचा पाक. मी त्यात परसातली गवती चहाची दोन पाती उकळतो. जपानी माणूस नाक मुरडेल, मुरडू दे.

सोडा मात्र गारेगार हवा. शून्य अंशाचं पाणी 20 अंशाच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट वायू धरून ठेवतं. ग्लासात आधी बर्फ, मग सोडा, आणि माचा शेवटी, चमच्याच्या पाठीवरून हळूच. लिंबू पिळायचंच असेल तर चार थेंब, तेही पिण्याच्या क्षणी, कारण आंबटपणानं हरितद्रव्य बिघडतं आणि पोपटी रंगाचा शेवाळी होत जातो. गोटीची बाटली मिळाली तर ग्लास आधी मांडून मगच ठोसा मारा. एकदा गोटी खाली गेली की ती बाटली पुन्हा बंद होत नाही.