मराठी ग्रंथांतील पहिली अमेरिका

वसईजवळच्या कामणदुर्गाच्या पायथ्यापासून भिवंडीवरून कल्याणास जाणारा रस्ता ज्या मुलखातून जातो, त्या मुलखात अमेरिका ग्रंथांच्या द्वारे येण्यापूर्वी कितीतरी आधी पिकांच्या द्वारे आलेली होती. 1534 पासून चिमाजी अप्पांनी 1739 साली वसईचा किल्ला सर करीपर्यंत यातील वसईकडील भागावर फिरंग्यांचा अंमल होता, आणि मिरची, अननस, पेरू, पपई, काजू ही मूळची अमेरिका खंडातील संपत्ती त्यांच्याच गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरून येथल्या वाड्यांत आणि परसांत रुजली. त्या भूमीतील माणसे कशी राहतात, राज्यकारभार कसा चालवितात, स्त्रियांना आणि दुर्बळांना कसे वागवितात, हा प्रश्न मराठी लेखणीने हाती घेण्यास मात्र एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

त्या लेखणीची पहिली ठळक खूण जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’त सापडते. 1873 साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची इंग्रजीत छापलेली अर्पणपत्रिका युनायटेड स्टेट्समधील, काळ्या लोकांची दास्यातून मुक्तता करण्यासाठी झटणाऱ्या सदाचारी जनांना उद्देशून आहे. तारुण्यातच टॉमस पेनचे मानवी हक्कांवरील पुस्तक वाचलेल्या या पुरुषाने समुद्रापलीकडील यादवी युद्धाचा अर्थ आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांच्या स्थितीशी लावला. अमेरिका त्याने पाहिली नव्हती, पण तिच्याकडून काय शिकावयाचे ते त्याला पुरते उमगले होते.

प्रत्यक्ष जाऊन पाहण्याचे काम स्त्रियांनी केले. याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, कल्याणास, 1865 साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी 1883 च्या एप्रिलात कलकत्त्याहून निघाल्या आणि 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. वर्ष उलटण्यापूर्वीच, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, पुण्यास त्यांचे देहावसान झाले आणि त्यांची रक्षा न्यूयॉर्क प्रांतातील पकिप्सी येथे, त्यांना कन्येप्रमाणे सांभाळणाऱ्या कार्पेंटरबाईंच्या कुलाच्या स्मशानभूमीत ठेवण्यात आली. ज्या ग्रंथाची वाट पाहावी तो त्या लिहू शकल्या नाहीत. तो लिहिला पंडिता रमाबाईंनी, आणि रमाबाई अमेरिकेस गेल्या त्या आनंदीबाईंचा पदवीदान समारंभ डोळ्यांनी पाहावा म्हणून.

एका समारंभासाठी गेलेल्या रमाबाई जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. त्यांनी व्याख्याने देत देश पालथा घातला, बालोद्यान शिक्षणपद्धती अभ्यासिली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील आपले इंग्रजी पुस्तक 1887 साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षाअखेर बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाने विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे द्रव्यसाहाय्य देण्याचे पत्करिले. 1889 च्या फेब्रुवारीत त्या सॅन फ्रान्सिस्कोवरून, जपान-चीनच्या मार्गाने परतल्या, 11 मार्चला मुंबईत शारदासदन उघडले, आणि त्याच वर्षी निर्णयसागर छापखान्यातून त्यांचा ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ बाहेर पडला.

नावात प्रवासवृत्त असले तरी प्रवासाला या ग्रंथात वाटा थोडा. एखाद्या चोख अंमलदाराने परगण्याची पाहणी करून कलमवार कैफियत सरकारात रुजू करावी, त्या शिस्तीने राज्यपद्धती, गृहस्थिती, विद्या, धर्मपंथ, दानधर्म, व्यापार अशी एकेक बाब येथे तपासलेली आहे. व्यापारासारख्या काही प्रकरणांत माहितीचे ओझे फार झाले आहे, हे मान्य केले पाहिजे. पण स्त्रियांच्या स्थितीवरील प्रकरण, जे सर्वांत विस्तृत आहे, ते माझ्या मते एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याच्या उत्तम नमुन्यांत बसावे. फ्रान्सिस विलर्ड यांच्या अध्यक्षतेखालील मद्यपाननिषेधक स्त्रीसंघाचे कार्य वर्णिताना रमाबाईंचे लक्ष व्यक्तीपेक्षा संघटनेवर अधिक खिळते: गावोगावच्या स्त्रियांनी सभा भरवाव्या, नियम करावे, हिशेब ठेवावा आणि एवढ्याच साधनांनी सरकारास हलवावे, हा त्यांना त्या देशातील सर्वांत मोठा चमत्कार वाटला. स्त्रीशिक्षणाचा विचार बहुधा पुरुष सुधारकांच्या मुखाने ऐकणाऱ्या मराठी वाचकास हे चित्र किती नवे होते, याची कल्पना आज सहजी यावयाची नाही.

मात्र या ग्रंथाचा मला वाटणारा खरा मोठेपणा याहून निराळ्या ठिकाणी आहे. जो देश तिला मान देतो, द्रव्य देतो, तिच्या व्याख्यानांस गर्दी करितो, त्या देशाच्या मूलनिवासी लोकांवर गोऱ्या वसाहतकारांनी केलेला अन्याय आणि गुलामगिरी कायद्याने गेल्यावरही काळ्या लोकांविषयी मनांत उरलेला वर्णद्वेष ही लेखिका दडवीत नाही. उपकारकर्त्याच्या दोषांची नोंद करण्यास जे धैर्य लागते ते तिच्यापाशी होते, आणि ते स्वदेशीयांच्या बाबतीतही कधी डळमळले नाही. परक्या राजाची सत्ता झुगारून लोकांनी आपले राज्य आपण उभारिल्याची हकीकत जेव्हा इंग्रजांच्या मुंबईत, काँग्रेसच्या स्थापनेनंतर चौथ्याच वर्षी, मराठीत छापून निघाली, तेव्हा ती नुसती परदेशाची हकीकत राहिली नसणार.

हा ग्रंथ मराठी वाचकाच्या नित्य परिचयाचा झाला नाही, याचे दुःख वाटते. 1883 मध्ये इंग्लंडात रमाबाईंनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली होती, आणि पुढे शारदासदन पुण्यास गेल्यावर तेथील मुलींच्या धर्मांतराच्या शंकेने 1893 साली जे वादळ उठले, त्यात त्यांच्या लेखणीचे गुण बाजूस पडले. 2003 साली मीरा कोसंबी यांचा इंग्रजी अनुवाद अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या मुद्रणसंस्थेकडून निघाला, तेव्हा ज्या लोकांची पाहणी रमाबाईंनी केली होती त्यांच्याच भाषेत ती पाहणी त्यांच्यापुढे रुजू झाली. आपल्याकडील तालुक्यांच्या ग्रंथालयांत ‘गुलामगिरी’शेजारी मूळ मराठी ग्रंथाची एक प्रत असावी आणि वसई-कल्याणच्या मुलींनी ती मागून न्यावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.