बालबाजार

बालबाजार : शाळेच्या आवारात मुलांनी स्वतः माल आणून, भाव ठरवून, रोख पैशांत विकून भरवलेला एका दिवसाचा बाजार. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या शाळांत तो बाल आनंद मेळावा, आनंदनगरी, बालआठवडी बाजार अशा नावांनीही भरतो. स्काउट-गाइडमधील ‘खरी कमाई’ हा उपक्रम याच्याच जवळचा. हा खेळच, पण त्यातले पैसे खरे असतात. त्याचे सगळे शैक्षणिक मोल या एका गोष्टीत आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात या खेळाची ओळख मुलांना करून द्यावी लागत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत घरे डोंगरउतारांवरच्या पाड्यांत विखुरलेली असल्याने मीठ-तेलापासून सोयरिकीच्या निरोपापर्यंत सारे काही आठवडी बाजारातच होते. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार तर सणच. आईबापाबरोबर मोलगी किंवा धडगावच्या बाजारात गेलेले मूल भाव कसा पाडतात, माप कुठे मारतात हे पाहून आलेले असते. वर्गात मराठी बोलताना अडखळणारी मुले घासाघीस मात्र पावरी, भिली किंवा मावचीत बिनदिक्कत करतात. हिशेब मराठीत लिहायचा असल्याने या उपक्रमात घरची आणि शाळेची भाषा एकत्र येतात.

माल शक्यतो घरचा किंवा परसातला असावा, असा संकेत आहे : मेथी, कोथिंबीर, चिंचा, बोरे, उकडलेल्या शेंगा. घरून घेतलेले भांडवल परत करायचे असते. सुटे पैसे आधी जमवावे लागतात. पालेभाजी दुपारपर्यंत खपली नाही तर ती कोमेजते. मग भाव उतरवायचा की तशीच घरी न्यायची, हे दुकानदारानेच ठरवायचे. शेजारच्या मित्रावर दुकान सोपवून भेळ खायला गेलेल्याला गल्ल्यातली तूटही सोसावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात मांडलेल्या दहा जीवनकौशल्यांपैकी निर्णय घेणे, समस्या सोडवणे आणि संवाद साधणे ही तीन तरी येथे फळ्यावर न लिहिता वापरली जातात.

१९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीम या शिक्षणपद्धतीतही उत्पादक काम शिक्षणाच्या केंद्रस्थानी होते. मात्र मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च निघावा, या अपेक्षेवर तेव्हाच टीका झाली. बालबाजारात तो पेच नाही, कारण नफा सहसा मुलाकडेच राहतो.

बाजार झाला की गणित आपोआप सुधारते, हा समज भाबडा आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरातील पाच फेरीवाल्या मुलांवरील १९८५ च्या अभ्यासात त्यांनी विक्री करताना ९८ टक्के हिशेब अचूक केले; तीच आकडेमोड व्यवहाराच्या संदर्भाविना कागदावर दिल्यावर हे प्रमाण ३७ टक्क्यांवर आले. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबाबत २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधनही तेच सांगते. शिवाय शाळेतच शिकलेली मुले बाजारातल्या व्यवहारात अडतात, ही उलट बाजूही दाखवते. म्हणून दुसऱ्या दिवशीचा हिशेबाचा तास बाजाराइतकाच महत्त्वाचा. खर्च, विक्री, उरलेला माल, उधारी आणि तोटा का आला, हे मुलाने तोंडी सांगून मग मांडायचे असते. अनेक शाळांत नेमका हाच तास गळतो.

दुसरा दोष मोठ्यांचा. आई भजी तळते, वडील पैसे घेतात, मूल फलकाशेजारी फोटोसाठी उभे राहते. अशा ठिकाणी मेळावा छान होतो, पण मुलाच्या अंगावर काहीच पडत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सुचवले आहेत. त्यांमुळे वरच्या वर्गांत अशा उपक्रमाला वेळ मिळू शकतो. एरवी तो बहुधा हिवाळ्यात, वर्षातून एकदाच भरतो.