घरातील वाय-फायचा पासवर्ड केव्हा आणि कसा बदलावा

घरातील वाय-फायचा पासवर्ड बहुतेक कुटुंबांत जोडणी घेतली त्या दिवशी ठरतो आणि पुढे वर्षानुवर्षे तसाच राहतो. दरम्यान तो पाहुणे, शेजारी, भाडेकरू, दुरुस्तीसाठी आलेले कर्मचारी अशा अनेकांना कळलेला असतो. या जोडणीवरून इंटरनेटचा जो काही वापर होतो, त्याचा माग मात्र ग्राहकाच्याच नावापर्यंत पोहोचतो. म्हणूनच हा पासवर्ड वेळोवेळी बदलणे आवश्यक ठरते.

निष्काळजीपणाची किंमत किती मोठी असू शकते, हे २००८ मध्ये दिसून आले. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल पाठविण्यात आला होता. त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरी पोहोचले. तेथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाची चौकशी झाली. त्याच्या असुरक्षित वाय-फायचा इतरांनी गैरवापर केल्याचे नंतर तपासात समोर आले. पुढे २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय जोडण्या सुरक्षित राखण्याबाबत इंटरनेट सेवा पुरवठादारांना सूचना दिल्या.

दोन वेगळे पासवर्ड

राउटरला दोन पासवर्ड असतात आणि त्यांची गल्लत होऊ नये. पहिला वाय-फायचा, तो मोबाइल किंवा संगणक जोडताना विचारला जातो. दुसरा राउटरच्या नियंत्रण पानाचा. तो माहीत असलेली व्यक्ती राउटरची सर्व मांडणी बदलू शकते. कारखान्यातून येताना हा दुसरा पासवर्ड अनेकदा ‘अ‍ॅडमिन’सारखा सर्वज्ञात असतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक संगणक प्रणालीने अशाच मूळ पासवर्डच्या आधारे जगभरातील कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगमच्या ग्राहकांची हजारो मोडेम अशाच हल्ल्यात बाधित झाली, तेव्हा कंपनीने ग्राहकांना मूळ पासवर्ड बदलण्याचे आवाहन केले होते. त्यामुळे दोन्ही पासवर्ड बदलावेत आणि ते एकमेकांपासून वेगळे ठेवावेत.

बदलण्याची पद्धत

१. मोबाइल किंवा संगणक घरच्या वाय-फायला जोडावा. शक्य असल्यास संगणक केबलने राउटरला जोडावा, म्हणजे मध्येच संपर्क तुटणार नाही.

२. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो आणि राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला असतो. अनेक कंपन्यांच्या मोबाइल अ‍ॅपमधूनही हे काम करता येते.

३. त्याच पट्टीवरील वापरकर्ता नाव व पासवर्ड देऊन आत प्रवेश करावा.

४. ‘वायरलेस’, ‘डब्ल्यूलॅन’ किंवा ‘वाय-फाय सेटिंग्ज’ हा विभाग उघडावा. त्यात ‘पासवर्ड’, ‘पासफ्रेज’ किंवा ‘प्री-शेअर्ड की’ या नावाच्या चौकटीत नवा पासवर्ड लिहावा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झच्या जोडण्या स्वतंत्र असल्यास दोन्हींचा बदलावा.

५. ‘सेव्ह’ किंवा ‘अप्लाय’ दाबावे. त्याच क्षणी वाय-फायवरील उपकरणांचा संपर्क तुटतो. हा बिघाड नव्हे. प्रत्येक मोबाइल, दूरचित्रवाणी संच, प्रिंटर व कॅमेरा नव्या पासवर्डने पुन्हा जोडावा.

६. नियंत्रण पानावर पुन्हा जाऊन ‘सिस्टीम’ किंवा ‘मॅनेजमेंट’ विभागातून दुसरा पासवर्डही बदलावा.

पासवर्ड कसा असावा

सध्या सर्वाधिक प्रचलित असलेल्या डब्ल्यूपीए-२ पद्धतीत पासवर्ड ८ ते ६३ वर्णांचा असू शकतो. या पद्धतीत आसपासची व्यक्ती उपकरण जोडले जातानाचे संदेश टिपून घेऊन नंतर आपल्या संगणकावर लाखो शब्द पडताळून पाहू शकते. मोबाइल क्रमांक, जन्मतारीख किंवा मुलांची नावे त्यात लवकर सापडतात. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले, तर ते घरच्यांच्या लक्षात राहतात आणि परक्याला ओळखणे अवघड जाते. म्हणी किंवा गाण्यांच्या ओळी मात्र टाळाव्यात. जोडणीच्या नावात आडनाव वा घर क्रमांक नसावा.

त्याच पानावर सुरक्षेचा प्रकारही तपासावा. २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-३ पद्धत उपलब्ध असल्यास ती निवडावी, कारण तीत टिपलेल्या संदेशांवरून पासवर्ड शोधण्याचा वरील मार्ग बंद होतो. जुनी उपकरणे तिला जोडली जात नसतील, तर डब्ल्यूपीए-२ ठेवावी. डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत काही मिनिटांत भेदता येते. ती वापरू नये. कळ दाबून किंवा आठ अंकी क्रमांकाने उपकरण जोडणारी ‘डब्ल्यूपीएस’ सुविधा बंद ठेवणे हिताचे आहे. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू केल्यास मुख्य पासवर्ड सांगावा लागत नाही.

केव्हा बदलावा

नवा राउटर बसविल्यावर, भाडेकरू किंवा घरातील कामगार बदलल्यावर, मोबाइल हरवल्यावर अथवा नियंत्रण पानावरील यादीत अनोळखी उपकरण दिसल्यास पासवर्ड त्वरित बदलावा. ते उपकरण नुसते खंडित करून भागत नाही. जुना पासवर्ड माहीत असलेली व्यक्ती पुन्हा जोडली जाऊ शकते.

नियंत्रण पानाचा पासवर्ड विसरल्यास राउटरमागील ‘रिसेट’ छिद्रात टाचणी घालून सुमारे १० सेकंद दाबल्यास मूळ मांडणी परत येते. मात्र काही जोडण्यांत सेवा पुरवठादाराने दिलेले वापरकर्ता नाव व पासवर्डही त्यामुळे पुसले जातात आणि इंटरनेट बंद पडते. ते तपशील हाताशी असल्याखेरीज रिसेट करू नये.

जोडणीचा गैरवापर होऊन आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. पासवर्ड बदलण्यापूर्वी अनोळखी उपकरणांच्या यादीचे छायाचित्र घेऊन ठेवल्यास तपासास मदत होऊ शकते.